पुढच्या हंगामासाठी हाडाची माणसं: जिनिंग प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

काम सुरू झालं. शेठनी सांगितलेलं साधं आहे. राळेगाव तालुक्यातल्या आपल्या दोन्ही जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचे कारखाने) येत्या दोन-तीन हंगामात मोठे फिटरकाका थांबणार, जुने ग्रेडरसाहेब थांबणार, प्रेसवरचा मुख्य माणूस पोराकडे नागपूरला जायचं म्हणून राहिला. त्यांच्या जागी कोण, किती लोक, आणि आतापासून कोणाला तयार करायचं याचा प्लॅन पाहिजे. शेठचं म्हणणं, "त्यांच्यासारखीच माणसं आण." पण त्यांच्यासारखी म्हणजे कशी, हे कोणालाच नीट सांगता येत नाही, अनुभव आहे म्हणतात, हात बसलेला आहे म्हणतात, आणि तिथेच गाडी थांबते. वीस-वीस वर्षं अनुभव असलेले दुसरेही फिटर आहेत की इथे, मग त्यांच्या लाईनचा माल तसा का निघत नाही?

म्हणून प्रकल्प असा: सगळ्यात चांगलं काम करणारे नेमके काय वेगळं करतात ते शोधायचं, आणि त्यावर भरती, ट्रेनिंग, पगार, जोड्या सगळं बसवायचं. चार कामं घेतली आहेत: ग्रेडर (माल पारखून भाव लावणारा), फिटर (मशीन सांभाळणारा), प्रेसमन (गाठी बांधणारा), आणि कपाशीतला कचरा वेचणाऱ्या बाया. चौथं नाव यादीत मी टाकलं, मॅनेजरसाहेब म्हणे त्याची काय गरज, ते काम कोणीही करते. ठेवलं आहे.

या नोंदीत कोणाचं नाव लिहिणार नाही. पगाराशी आणि नोकरीशी जोडलेला विषय आहे, वही कोणाच्याही हाती पडू शकते.

९ जानेवारी

पद्धत ठरवली. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७३ चा लेख आहे, त्यात त्यानं मांडलं होतं की बुद्धीच्या परीक्षा आणि मार्कशीट पाहून कामावर कोण चमकेल ते कळत नाही, जे लोक कामात खरोखर पुढे आहेत त्यांना आणि जे बरे आहेत त्यांना शेजारी ठेवून पाहा, फरक तिथं सापडेल. यातला "शेजारी ठेवून" हा भाग फार महत्त्वाचा. नुसत्या चांगल्या माणसाला भेटलं तर तो जे जे करतो ते सगळंच गुण वाटायला लागते. फिटरकाका रोज सकाळी अगरबत्ती लावतात, दुसरे फिटरही लावतात, म्हणजे तो फरक नाही.

दुसरी गोष्ट घटनेची. जॉन फ्लॅनगननं १९५४ मध्ये लिहिलेली पद्धत आहे, अमेरिकेच्या हवाई दलातल्या पायलट लोकांवरच्या कामातून आलेली. माणसाला "तुमच्यात काय गुण आहेत" असं विचारायचंच नाही, खरी घडलेली घटना विचारायची, काम फार चांगलं झालं तेव्हाची एक आणि बिघडलं तेव्हाची एक. काय दिसलं, मनात काय आलं, काय केलं, मग काय झालं. मत मागितलं की लोक चांगलं-चांगलं बोलतात, घटना मागितली की खरं येते. आपल्याकडे त हे अजूनच खरं आहे, कारण स्वतःची तारीफ करणं इथल्या म्हाताऱ्या माणसांना जमतच नाही.

१६ जानेवारी

संक्रांतीची गडबड संपली, आज याद्या जमवल्या. "टॉप" कोण हे ठरवायला एकट्या मॅनेजरचं मत घ्यायचं नाही असं आधीच ठरलं होतं. तीन बाजूंनी घेतलं: मॅनेजरची यादी, सोबत काम करणाऱ्यांची यादी (तुझी लाईन अडकली तर तू कोणाला बोलावशील, एवढाच प्रश्न), आणि रजिस्टर.

तिन्ही जुळत नाहीत. सोबतच्यांनी एका आवाजात मोठ्या फिटरकाकांचं नाव घेतलं. मॅनेजरच्या यादीत ते दुसरे, पहिला नंबर रात्रपाळीच्या फिटरला, कारण त्याची लाईन "बंदच पडत नाही". आणि मशीन बंद रजिस्टरमध्ये फिटरकाका सगळ्यात खाली! त्यांच्या लाईनवर बंदच्या नोंदी सगळ्यात जास्त.

इथे थांबून रजिस्टर नीट वाचलं, आणि हे मला पूर्ण प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं पान वाटून राहिलं. काकांच्या लाईनचे बंद सगळे छोटे, पाच मिनिटं, आठ मिनिटं, दहा मिनिटं. लांब बंद जवळपास नाहीच. रात्रपाळीच्या लाईनवर नोंदी थोड्या पण एकेक बंद तीन तासांचा, एक त अख्खी पाळी. रजिस्टरच्या शेवटी जो गोषवारा मॅनेजरकडे जातो त्यात फक्त "किती वेळा बंद" हा कॉलम आहे, किती वेळ बंद तो नाही. म्हणजे जो माणूस बिघाड लहान असताना पकडतो तो कागदावर कामचुकार दिसतो. हा कॉलम बदलायला सांगितला, अकाउंटवाल्या दादानं लगेच केलं.

तपासून घेतलं की काकांच्या लाईनवर नवीन मशीन आहेत का. नाहीत. उलट जुने रेचे (कापसातून सरकी काढायची मशीन) त्यांच्याकडेच आहेत.

२७ जानेवारी

फिटरकाकांची मुलाखत. मशीनजवळच बसलो, त्यांना ऑफिसमध्ये बसवलं की ते हो-नाही शिवाय बोलत नाहीत.

पहिले त त्यांनी सगळं "पायतो आपन, करतो आपन" असंच सांगितलं. मग एकच घटना धरली, मागच्या हंगामातली, रुईत सरकीचे तुकडे येत होते आणि सूतगिरणीचा क्लेम (नुकसानभरपाईची मागणी) लागला असता ती. काका म्हणाले, "पोरी, आवाज बदलला की मी मशीनकडं नाई पायत, पयले सरकी पायतो. सरकीले रुई चिकटून येऊन राहिली त रोलर गुळगुळीत झाला समज. सरकी फुटून येऊन राहिली त सुरी जास्त चढली. दोन्ही चांगलं असून आवाज येते त मंग बेअरिंग." हे सांगताना खालून मूठभर सरकी उचलली, माझ्या तळहातावर टाकली आणि बोटानं वेगळी करून दाखवली, ही धड, ही चिरलेली, ही केसाळ. डबल रोलर रेच्यामध्ये चामड्याचा रोलर रुई ओढतो, स्थिर सुरी सरकी अडवते आणि हलती सुरी तिला खाली पाडते, त्यामुळे दोन सुऱ्या एकमेकींवर किती चढल्या पाहिजेत ते सरकीच्या आकारावर ठरते. पुस्तकात हे आहे. पण काका पुढं जे बोलले ते पुस्तकात नाही.

"संध्याकाळी मी प्लॅटफॉर्मवर जातो, उद्या कोणती गंजी (कापसाचा ढीग) लागते ते पाहाले. सरकी बारीक असन त रातीच सेटिंग बदलून ठेवतो. सकाळी मशीन सुरू झाल्यावर बदलसान त चार क्विंटल खराब झाल्यावर समजते."

हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांचं कामाचं ठिकाण मशीनशेड आहे, प्लॅटफॉर्म, जिथं आलेला कापूस उतरतो, तो ग्रेडरचा. बाकी फिटरांना मी वेगवेगळं विचारलं, उद्या कोणती गंजी लागणार माहीत आहे का, आणि बहुतेकांचं उत्तर एकच, "ते ग्रेडरचं काम आहे ताई."

५ फेब्रुवारी

रात्रपाळीच्या फिटरची मुलाखत. हा माणूस वाईट नाही हे पहिले लिहून ठेवते. ग्रूव्ह मारणं (रोलरवर खाचा पाडणं), सुरी लावणं, रोलर चढवणं, सगळं त्याला येते, हाताचा वेग तर काकांपेक्षा जास्त. तीन तास बंद पडलेल्या त्या रात्रीची घटना विचारली. त्यानं सरळ सांगितलं की वास आधी आला होता. मग थांबवलं का नाही? "थांबवलं त हमाल ओरडतात, त्यांचा रेट गाठीवर आहे. मुकादम म्हणते चालू दे. मॅनेजरले फोन लावला त झोपेतून उठून म्हणते सकाळपर्यंत खेच. मंग मी कायले थांबवू?"

खरी गोष्ट आहे. दिसलं दोघांनाही, फरक पुढच्या पावलात आहे. काका थांबवतात आणि मग सांगतात. हा सांगतो आणि मग वाट पाहतो. आणि काका थांबवू शकतात कारण त्यांचं वय, त्यांचा शब्द, शेठशी जुनी ओळख. तरुण फिटरनं तेच केलं तर त्याच्यावर आवाज चढतो. म्हणजे आपण ज्याला काकांचा गुण म्हणून लिहू त्यातला अर्धा भाग त्यांना मिळालेल्या मोकळीकीचा आहे. नवीन माणूस कितीही पारखून घेतला आणि त्याला ती मोकळीक दिली नाही तर तो दोन महिन्यांत रात्रपाळीवाल्यासारखाच वागेल. या प्रकल्पातून मला एकच गोष्ट शेठपर्यंत पोहोचवता आली तर मी हीच पोहोचवीन.

१४ फेब्रुवारी

ग्रेडर. फरदडीचा (मुख्य वेचण्या झाल्यावर तेच झाड ठेवून घेतलेला उशिराचा) माल यायला लागला, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर किरकिर वाढली. फरदडीच्या कापसाला धागा कमी, कवडी (खराब, नीट न फुटलेला कापूस) जास्त, बोंडअळीनं पोखरलेलं बोंड मधातच फुटते, त्यामुळे भाव कमी लागतो आणि शेतकरी चिडतो. चिडणारच, लागवडीपासून वेचणीच्या मजुरीपर्यंत सगळा खर्च त्याच्या अंगावर आहे. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये होता, तोही ८ टक्के ओलाव्याला, त्याच्यावर प्रत्येक टक्क्याला कपात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. त्यामुळे नाकारलेला ओला माल आपल्यासारख्या खाजगी जिनिंगकडे वळतो, आणि इथेच ग्रेडरचा कस लागतो.

जुने ग्रेडरसाहेब गाडीवर चढतात ते पाहण्यासारखं आहे. वरच्या थराला हातच लावत नाहीत. कोपरापर्यंत हात आत खुपसतात, तिथला कापूस बाहेर काढतात, एक सरकी दाताखाली फोडतात. कडक आवाज आला तर कोरडी, चेपली गेली तर ओली. मग ओलाव्याचं मीटर लावतात, आणि मीटरचा आकडा शेतकऱ्याला स्वतः वाचायला सांगतात. हे शेवटचं मला दुसऱ्या ग्रेडरकडे दिसलं नाही. तोही हात घालतो, तोही सरकी फोडतो, मीटर त्याच्याकडेही आहे, पण आकडा स्वतः पाहतो आणि भाव बोलतो. शेतकऱ्याला वाटते लुटलं. भांडण होते, गाडी अडते, मागं पिकअप आणि ट्रॉल्यांची रांग लागते.

साहेबांना घटना विचारली तर त्यांनी एका बंडीवाल्या शेतकऱ्याची सांगितली, ज्याच्या मालाच्या मधात ओल लपलेली होती. सगळ्यांसमोर त्याला काही बोलले नाहीत. बाजूला नेलं, म्हणाले भाऊ, हा माल आज गंजीत टाकला तर आतून तापेल, माझी गंजी जाईल, तू दोन दिवस ऊन दे आणि आण, आज आणला असता त्यापेक्षा बरा भाव देतो. तो शेतकरी परत आला, आणि नंतर गावातले अजून लोक घेऊन आला. ओल्या सरकीचा कापूस ढिगात तापतो हे सगळ्या ग्रेडरांना माहीत आहे. माणसाची इज्जत राखून ते सांगणं हे सगळ्यांना जमत नाही, आणि पुढच्या वर्षी माल कोणाकडे येईल ते त्यावर ठरते.

२४ फेब्रुवारी

वेचणाऱ्या बाया. दुपारच्या सुट्टीत त्यांच्यासोबत डबा खाल्ला, मग बोलणं सुरू झालं.

यांच्यात सगळ्यात चांगली कोण हे त्यांनाच विचारलं, सगळ्यांनी एकाच मावशीकडे बोट दाखवलं. मावशी सुरुवातीला म्हणे, "मी काय वेगळं करतो बाई, सगळ्या करतात तेच." मग त्यांनी काल काय काय वेचलं ते विचारलं. खर्रा-गुटख्याच्या पन्न्या, केस, सुतळी, कोंबडीचं पीस, आणि मग निळा धागा. तिथं त्या अडकल्या. निळा धागा म्हणजे खताच्या चुंगडीचा. शेतकरी कापूस खताच्या प्लास्टिकच्या चुंगड्यांमध्ये भरून आणतात, त्याचे धागे सुटून कापसात मिसळतात, रेच्यात गेल्यावर तुटून इतके बारीक होतात की नंतर निघत नाहीत आणि थेट कापड रंगवल्यावर दिसतात. त्या एका धाग्यानं आख्ख्या गाठीचं नाव खराब होते.

मावशी म्हणाल्या, "एक धागा भेटला की मी बाकीचं सोडतो न पयले त्याच जागची आणखी चार हात जागा पाह्यतो. एकटा नसतेच तो." आणि पुढं, "मंग ड्रायव्हरले विचारतो कोन्या गावचा माल. त्या गावची बाई आमच्यात असन त तिले सांगतो, घरी सांगजो, चुंगड्यात नको आणू, जुन्या लुगड्यात बांधून आणा."

ही बाई वेचता वेचता कचरा जिथून येते तिथपर्यंत पोहोचते. फिटरकाका प्लॅटफॉर्मवर जातात, ग्रेडरसाहेब शेतकऱ्याच्या वाळवणापर्यंत जातात, मावशी गावापर्यंत जातात. हा धागा मला आज पहिल्यांदा स्पष्ट दिसला. आणि या कामाला मॅनेजरच्या लेखी गुणच नाही, मजुरी सगळ्यांना सारखी, पहिल्या दिवशी आलेल्या पोरीला जेवढी तेवढीच मावशीला. हे बरोबर नाही आणि रिपोर्टमध्ये मी तसं लिहिणार आहे.

११ मार्च

मुलाखती संपल्या, प्रेसमनची लवकर आटोपली. तिथं फरक फार दिसला नाही. १७० किलोची गाठ, ठरलेला क्रम, हायड्रॉलिकचं प्रेशर, पट्ट्या बांधणं, जो शिस्तीनं करतो त्याची गाठ चांगली. चांगला आणि बरा यात अंतर कमी म्हणजे ते काम शिकवून भरता येते, त्यासाठी वेगळी माणसं शोधत बसायची गरज नाही.

गेले काही दिवस मी आणि अकाउंटवाले दादा, दोघांनी तेच कागद वेगवेगळे वाचले आणि वेगवेगळ्या खुणा केल्या, मग जुळवल्या. एकट्यानं वाचलं की आपल्याला जे पाहिजे तेच दिसते. जिथं जुळलं नाही तिथं परत मुलाखतीचे शब्द काढले. एक मोठा वाद झाला, "जबाबदारीची जाणीव" असं एक कलम दादांनी लिहिलं होतं. मी म्हटलं हे काढा. जाणीव कोणाला दिसत नाही, मोजता येत नाही, आणि मुलाखतीला आलेला प्रत्येक जण म्हणेल माझ्यात आहे. त्याच्या जागी जे डोळ्यांनी दिसते ते लिहिलं: पुढच्या पाळीला काय बिघडलेलं आहे ते तोंडानं सांगूनच घरी जातो. दादांना पटलं.

सगळं मिळून दोन ढीग झाले. पहिल्या ढिगात ते जे चांगल्यांना आणि बऱ्यांना दोघांनाही येते: रोलरला ग्रूव्ह मारणं, सुरीची सेटिंग, मीटर वापरणं, कवडी ओळखणं. हे नसलं तर माणूस कामाचाच नाही, पण हे असल्यानं तो पुढे जात नाही. दुसऱ्या ढिगात ज्यानं फरक पडतो ते: बिघाड लहान असताना दिसणं, दिसल्यावर थांबवणं, आपल्या जागेच्या मागं आणि पुढं जाऊन पाहणं, आणि हाताखालच्याला बोलून दाखवत काम करणं. शेवटचं फक्त काका आणि मावशी दोघांमध्येच ठळक आहे. ग्रेडरसाहेबांमध्ये नाही, ते फार मोठे ग्रेडर आहेत पण त्यांच्या हाताखालून आजपर्यंत कोणी तयार झालं नाही, आणि त्यांची जागा भरणं म्हणूनच सगळ्यात अवघड जाणार.

१९ मार्च

रंग उतरला, माल कमी झाला, शेठ मोकळे होते म्हणून प्लॅन समोर ठेवला.

पहिल्या ढिगाचं काम ट्रेनिंगनं होते, त्यासाठी हेल्परांना नागपूरला सिरकॉटच्या (कापूस तंत्रज्ञानाची सरकारी संशोधन संस्था) जिनिंग ट्रेनिंग सेंटरमध्ये पाठवायचं, ते केंद्र याच कामासाठी आहे. दुसऱ्या ढिगासाठी ट्रेनिंगवर अवलंबून राहायचं नाही, माणूस निवडतानाच पाहायचं. इंटरव्ह्यू घेऊन नाही, काम देऊन. फिटरचा हेल्पर घेताना त्याच्यासमोर तीन ढीग सरकी ठेवायची आणि विचारायचं काय दिसते. ग्रेडरच्या हाताखाली घ्यायच्या पोराला एक अडलेली गाडी द्यायची, आणि तो शेतकऱ्याशी कसा बोलतो ते पाहायचं. शिक्षणाची अट दहावी ठेवली आहे, त्याच्यावर नको. या भागात आयटीआय केलेली पोरं बुटीबोरी नाहीतर पुण्याला जातात, त्यांना धरून ठेवायचा प्लॅन कागदावर चांगला दिसते पण हंगामी कामावर ते थांबत नाहीत. ज्याची थोडी शेती इथे आहे तो थांबतो, कारण पेरणी-डवरणीच्या दिवसात त्याला तसंही घरी पाहिजे असते आणि आपलं काम दिवाळीनंतर लागते.

जोड्या आताच लावायच्या, हंगामात नाही. हंगामात काकांना शिकवायला वेळ नसते. एप्रिल-मे मध्ये रेचे खोलले जातात, रोलर उतरतात, तेव्हा हेल्पर सोबत पाहिजे, आणि त्या दोन महिन्यांचा पगार द्यावा लागेल. शेठ इथं थोडा वेळ गप्प होते. बंद हंगामात पगार ही आपल्याकडे रीत नाही. मी रात्रपाळीच्या त्या एका बंदचा हिशोब समोर ठेवला, अडकलेल्या गाड्या, जळालेला रोलर. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटर घेतला.

मग थांबवण्याचा मुद्दा. म्हटलं, पाळीच्या फिटरला मशीन थांबवायला कोणाची परवानगी लागू नये, फोन नाही, मुकादम नाही. आणि हमालांचा रेट गाठीवर असल्यामुळे फिटरनं थांबवलेल्या वेळेची त्यांना बैठी हजेरी मिळाली पाहिजे, नाहीतर ते त्याच्यावर तुटून पडतील. मॅनेजरसाहेबांनी विरोध केला, म्हणे मग कोणीही केव्हाही बंद करेल. काका दारातच उभे होते, त्यांना आत बोलावलं. ते म्हणाले, "शेठ, फुकट बंद करणाऱ्याले दोन दिवसात वळखतो आपन. चालू ठेवून जाळणाऱ्याले वळखाले हंगाम लागते."

शेठनी एका युनिटवर मान्य केलं, वडकीकडच्या.

२ एप्रिल

पाडवा झाला. वडकीच्या युनिटमध्ये फिटरच्या अधिकाराचं पत्र मराठीत काढलं, शेठच्या सहीनं, मशीनशेडच्या दारावर लावलं. रात्रपाळीच्या फिटरला तिकडे बदली दिली आहे, त्यानं स्वतः मागितली. उरलेल्या थोड्या मालावर त्याची लाईन चालू आहे, बंदच्या छोट्या नोंदी यायला लागल्या. एवढ्यावरून निष्कर्ष काढणार नाही, नोव्हेंबर-डिसेंबरच्या भर हंगामात पाहावं लागेल.

हेल्परांची सरकीची परीक्षा घेतली. ज्याच्यावर कोणाचीच नजर नव्हती असा एक पोरगा, तेल-पाणी करणारा, त्यानं तिन्ही ढीग ओळखले आणि वरून विचारलं की हा तिसरा ढीग कोणत्या रेच्याचा आहे, तो आत्ता चालू आहे का. काकांनी त्याला मागून घेतलं. सोमवारपासून तो त्यांच्यासोबत रोलर उतरवायला.

ग्रेडरच्या जोडीला अजून माणूस ठरला नाही. साहेबांसोबत बसून मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला सुरुवात केली आहे, गाडीगणिक एक, भाव का तसा लावला ते त्यांच्याच शब्दात. त्यांना हे आवडून राहिलं असं दिसते, काल स्वतः फोन करून बोलावलं.

वेचणाऱ्या बायांच्या मजुरीचा निर्णय बाकी आहे. मावशींना मुख्य वेचणारी म्हणून वेगळा रेट आणि नवीन बायांना शिकवायचं काम, असा प्रस्ताव दिला आहे. शेठ म्हणाले विचार करतो. पुढची बैठक १५ तारखेनंतर, तोपर्यंत सूतगिरणीकडून आलेल्या क्लेमच्या चिठ्ठ्या काढून ठेवते, किती क्लेम धाग्याचे आणि किती सरकीच्या तुकड्यांचे ते वेगळं करून.